चारशे अकरावी सही

कमलिनी बालिका विद्यालयाची अकरा पानी पुस्तिका जानेवारीतल्या एका शनिवारी दाबक्यांच्या घरी आली. कलकत्त्याच्या भवानीपुरातल्या इतर घरांत गेली तशी ती इथेही निमूट कपाटावर चढली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं, आणि श्यामराव दाबके आजही घरात ताठ मानेने वावरले असते. पण श्यामरावांनी ती वाचली.

छापील कागद दिसला की वाचायचा, हे त्यांचं व्यसन नव्हतं, नोकरी होती. गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत ते नियमांच्या शाखेत हेडक्लार्क होते. रेल्वेच्या जाडजूड नियमपुस्तकांत काही बदल झाला की त्याची चिठ्ठी छापायची, ती स्टेशनोस्टेशनी पाठवायची, पुस्तकात जिथल्या तिथे चिकटवून घ्यायची आणि चिकटवल्याची पोच मागवायची, हे त्यांचं काम. एकोणीस वर्षं त्यांनी हे केलं होतं. पोच आल्याशिवाय एखादी गोष्ट जगात घडली आहे यावर त्यांचा विश्वास बसत नसे. सासरे वारल्याची तार आली तेव्हाही त्यांनी आधी तारेची पोच दिली आणि मग शकुनताईंना हाक मारली, हे अमरावतीकडची मंडळी अजून विसरलेली नाहीत.

पुस्तिकेचे तीन भाग होते. 'विद्यार्थिनींकडून अपेक्षा' साडेचार पानं, 'शाळेचे नियम' सहा पानं, आणि 'विद्यार्थिनींना संधी' अर्धं पान. संधी अर्ध्याच पानात का मावली, हा प्रश्न श्यामरावांना पडला नाही. तो शकुनताईंना पडला, पण त्यांना कोणी विचारलं नाही. त्या अर्ध्या पानात लिहिलं होतं की पुढच्या जानेवारीपासून आठवीत उच्च गणिताचा खास वर्ग सुरू होईल, सातवीच्या वार्षिक परीक्षेवरून बारा मुली निवडल्या जातील, आणि उरलेल्यांना त्या तासाला भरतकाम. सातवीत नुकतीच गेलेली त्यांची वृंदा ते अर्धं पान एवढ्या वेळा वाचून बसली की पुस्तिकेचं तेवढंच पान शिवणीतून सुटून आलं. वृंदाला सुईत दोरा ओवता येत नसे, आणि व्यवहारी अपूर्णांक ती इतर मुली चिंचा खातात तशी मिटक्या मारत सोडवायची.

श्यामराव मात्र नियमांच्या सहा पानांत शिरले होते. हातात तांबडी-निळी पेन्सिल. नियम चार म्हणतो केसांची रिबीन पांढरी असावी, नियम एकोणीस म्हणतो खेळाच्या दिवशी तांबडी असावी, पण खेळाच्या दिवशी नियम चार स्थगित होतो असं कुठेच म्हटलेलं नाही. मग त्या दिवशी मुलीने काय करायचं? दोन्ही रिबिनी बांधायच्या? 'विद्यार्थिनीने वेळेवर यावे' असं लिहिलंय, पण वेळ कोणत्या घड्याळाची? फाटकावरच्या, की मुख्य बाईंच्या खोलीतल्या? दोन्ही घड्याळांत सहा मिनिटांचा फरक होता, तो श्यामरावांनी स्वतः उभं राहून मोजला होता.

"कशाला उगीच?" शकुनताई म्हणाल्या. "मुलीला शिकवतात चांगलं. रिबिनीचं बघून घेऊ आम्ही."

"शकुन, अशानेच घोटाळे होतात. तुझं गेल्या वर्षीचं विसरलीस?"

हे गेल्या वर्षीचं प्रकरण त्या घरात वरचेवर निघे. दुर्गापूजेच्या आधी पाड्यातले, म्हणजे गल्लीतले, चार तरुण एक कागद घेऊन आले होते. शकुनताईंना वाटलं वर्गणीची पावती आहे. त्यांनी सही केली. ती पावती नव्हती, दाबक्यांच्या खिडकीला लाउडस्पीकर बांधण्याची संमती होती. नंतर पाच दिवस घरात सगळे एकमेकांशी हातवारे करून बोलत होते. तेव्हा श्यामरावांनी बायकोला पाऊण तास ऐकवलं होतं. "सही करण्याआधी वाचायचं. वाचून पटलं तर करायची. नाही पटलं तर, समोर प्रत्यक्ष जनरल मॅनेजर उभा असो, करायची नाही." शकुनताईंनी मुकाट्याने ऐकून घेतलं होतं. त्या ऐकतात ते लक्षातही ठेवतात, हे श्यामरावांना पुढे कळायचं होतं.

चौदा परिच्छेदांचं टिपण त्यांनी मुख्य बाईंना पाठवून दिलं, 'खुलाशाच्या अपेक्षेत'. आठ दिवसांनी शाळेतून बोलावणं आलं.

वरच्या मजल्यावर गुरुदत्त पाळंदे राहत. त्यांची कलकत्त्यातली ही तिसरी पिढी. सल्ला देण्याची त्यांना भारी हौस, आणि मराठी बोलता बोलता बंगालीच्या वाटेला कधी लागायचे ते त्यांचं त्यांनाही कळत नसे. बोलावणं ऐकून ते लगबगीने खाली आले.

"दाबके, आधी तू थोडं जल खा," ते म्हणाले. पाळंदे पाणी कधी पीत नसत, नेहमी खात. "आणि भय करू नको. तिथं जाऊन एकच कर. बडदी जे म्हणेल त्याला 'अवश्य, अवश्य' म्हण. इथल्या बडदीशी तर्क करायचा नसतो."

बडदी म्हणजे शाळेच्या मुख्य बाई, सुनीती गांगुली. चारशे मुली, नऊ शिक्षिका आणि हरिपदबाबू नावाचा एक कारकून एवढ्यांच्या जोरावर त्या शाळा चालवत. श्यामराव कानउघाडणी ऐकायच्या तयारीने ट्रॅममधून उतरले. बडदींच्या टेबलावर त्यांचं टिपण होतं, आणि त्याच्या समासात 'खरे आहे' असा शेरा सात ठिकाणी.

"दाबकेबाबू," बडदी त्यांच्याशी इंग्रजीत बोलत, सावकाश, पाढे म्हणवून घेतल्यासारख्या. "अकरा वर्षांत ही पुस्तिका कुणी वाचलेली मी पाहिली नाही. तुम्हीच नीट करून द्या. पालकांची एक नियम समिती करते. तुम्ही अध्यक्ष."

श्यामरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "अवश्य, अवश्य," ते म्हणाले. कचेरीत ते एकोणीस वर्षं दुसऱ्यांनी केलेले नियम चिकटवत आले होते. नियम करायला त्यांना कुणी कधी बोलावलं नव्हतं.

समितीत आणखी दोन सभासद होते. एक डॉक्टर, ते पहिल्या सभेतून रोग्याकडे गेले ते गेलेच. दुसरे एक निवृत्त मुन्सफ, ते प्रत्येक सभेला येत आणि पंख्याखाली डोळे मिटून संमती देत. त्यामुळे कामाचा उरक छान राहिला. रिबिनीचा प्रश्न एका सभेत मिटला. घड्याळांच्या प्रश्नाला तीन सभा लागल्या. मार्चमध्ये बडदींनी आपलं खरं दुखणं काढलं.

"पूजेच्या सुट्टीचं काय करू सांगा. एक महिना सुट्टी असते. तरी मुली आधी चार दिवस गावी निघतात आणि नंतर आठ दिवस उगवत नाहीत. परीक्षा तोंडावर, आणि वर्गात बाकं तेवढी बसलेली असतात."

श्यामराव प्रसन्न हसले. हा प्रश्न त्यांच्या खात्याने त्यांच्या जन्माआधीच सोडवून ठेवला होता. त्यांनी तिथेच मसुदा केला. नियम बावीस: सुट्टी लागण्याआधीच्या शेवटच्या दिवशी आणि सुट्टी संपल्यानंतरच्या पहिल्या दिवशी, अशी दोन्हीकडे जी मुलगी गैरहजर राहील, तिची मधली सगळी सुट्टी गैरहजेरीत धरली जाईल. आणि शंभरात पंचाहत्तर दिवस हजेरी नसेल तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही, हा जुना नियम होताच.

"थोडं कडक होत नाही का?" बडदींनी विचारलं.

"आमच्याकडे साठ हजार माणसं या नियमावर रजेवर जातात आणि परत येतात, बाई," श्यामराव म्हणाले. मुन्सफांनी डोळे मिटून मान डोलावली.

पण श्यामरावांचा खरा जीव होता तो शेवटच्या नियमावर. नियम तेवीस: प्रत्येक मुलीच्या नोंदलेल्या पालकाने नियम वाचून सही केलेली पोच शाळेत जमा करावी. शेवटची पोच वहीत चिकटवली जाईपर्यंत कोणताही नवा नियम अमलात येणार नाही. हा नियम त्यांनी घरी मोठ्याने तीनदा वाचून दाखवला. शकुनताई तांदूळ निवडत होत्या. "छान आहे," त्या म्हणाल्या, आणि हे मात्र त्या मनापासून म्हणाल्या होत्या.

जूनमध्ये नवी पुस्तिका छापून झाली. मुलींच्या हाती बंद पाकिटांतून घरोघर पोचा गेल्या. पाळंद्यांच्या पुतणीच्या घरी गेली, खालच्या मजल्यावर मुखर्जींकडे गेली. श्यामरावांनी दोन-चार दिवस वाट पाहिली, पण त्यांच्याकडे कुणी सही मागायला आलं नाही. आपणच केलेल्या नियमाची आपल्यालाच पोच कशी मागायची, असा विचार बडदींनी केला असणार, हे त्यांनी ताडलं. शाळेची ही अदब त्यांना फार आवडली.

आता पूजेची सुट्टी. दरवर्षी दाबके मंडळी रेल्वेच्या पासावर अमरावतीला शकुनताईंच्या माहेरी जात आणि भाऊबीज करून परतत. पासावर जागा मिळाली ती नेमकी शाळेच्या शेवटच्या दिवसाची. श्यामराव डगमगले नाहीत. 'सदर दिवस पूजेच्या सुट्टीला पुढून जोडण्याची परवानगी असावी' असा वृंदाच्या एक दिवसाच्या रजेचा अर्ज त्यांनी तीन प्रतींत केला. नियम बावीस दोन्हीकडच्या गैरहजेरीबद्दल बोलतो, एका बाजूचं त्याला वावडं नाही. शाळा गुरुवारी उघडणार होती आणि गाडी बुधवारी सकाळी हावड्याला लागणार होती. हाताशी अख्खा एक दिवस होता.

परतीच्या वाटेवर मंगळवारी सकाळी गाडी नागपूरला थांबली. श्यामराव चहाला म्हणून उतरले. फलाटावर एक फलक होता, त्यावर प्रवाशांसाठी सूचना. त्यातली सहावी सूचना दोन वर्षांपूर्वीच रद्द झाली होती, आणि ती रद्द केल्याची चिठ्ठी श्यामरावांनी स्वतः छापून घेतली होती. ती इथे कुणी चिकटवली नव्हती! नाकाला मिरच्या झोंबाव्यात तसे ते तडक सूचनावही मागायला गेले. वहीत पहिला मुद्दा लिहिला, दुसरा लिहिला. तिसऱ्या मुद्द्याचा (ब) लिहीत असताना त्यांना शिट्टी ऐकू आली. पण वाक्य अर्धं सोडायची त्यांना सवय नव्हती.

गाडीत बायको होती, मुलगी होती, दोन ट्रंका आणि अनारशांचा डबा होता. फलाटावर श्यामराव होते, आणि त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात तिघांचा पास.

तिकीट तपासनीस भला माणूस होता. पण श्यामरावांच्याच खात्याच्या नियमाप्रमाणे पास जवळ नसेल तर प्रवास करता येत नाही, हे शकुनताईंना तोंडपाठ होतं. त्या आपण होऊन गोंदियाला उतरल्या. मागच्या पॅसेंजरने श्यामराव तिथे पोचले तेव्हा मायलेकी बायकांच्या वेटिंगरूममध्ये ट्रंकेवर बसून अनारसे खात होत्या. डब्यात दोनच उरले होते.

"लिहून झालं?" शकुनताईंनी विचारलं.

"मुद्दा तीन राहिला," श्यामराव म्हणाले.

पुढची मेल दुसऱ्या दिवशी. ती वाटेत कुठे पाणी साचल्यामुळे रेंगाळली. गुरुवारी हावड्याच्या पुलावरून घोडागाडी निघाली तेव्हा शाळेतली मधली सुट्टी होऊन गेली होती. ट्रंका उतरवताना, भाडं देताना, जिना चढतानासुद्धा श्यामरावांच्या लक्षात काही आलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी वृंदा शाळेतून आली आणि दप्तर न उतरवता त्यांच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, हजेरी तपासून परीक्षेची यादी सोमवारी लागणार आहे."

"मग लागू दे की."

"सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी मी नव्हते. काल पण नव्हते."

श्यामराव बोटांवर दिवस मोजू लागले. वृंदाने वहीचं मागचं पान पुढे धरलं. अक्षर टपोरं, नीटनेटकं. शाळेचे दिवस एकशे नव्वद. मार्चमध्ये गोवर आणि त्यामागून खोकला, सव्वीस दिवस. त्यात हे दोन. हजर दिवस एकशे बासष्ट. आता पूजेच्या सुट्टीचे तीस दिवस धरले की एकूण दोनशे वीस. त्याचे शंभरी पंचाहत्तर म्हणजे एकशे पासष्ट.

"तीन दिवस कमी पडतात," वृंदा म्हणाली. "मी दोनदा मोजलं, बाबा. बरोबर आहे."

ती रडत नव्हती. रडली असती तर श्यामरावांना एक वेळ सोसलं असतं. आपलं गणित बरोबर आल्याचा नेहमीचा आनंद तिच्या तोंडावर उमटायला बघत होता आणि उमटत नव्हता, ते त्यांना पाहवलं नाही. ते उठून उगीचच खिडकी लावायला गेले. खिडकी लावलेलीच होती.

शकुनताईंनी स्वयंपाकघरातून एकदा डोकावून पाहिलं. "सोमवारचं सोमवारी बघू," एवढंच म्हणून त्या पुन्हा आत गेल्या. त्यांच्या या निर्धास्तपणाचा श्यामरावांना रागच आला. इथे पोरीचं वर्ष बुडायची वेळ आली होती, गणिताचा वर्ग हातचा जात होता, आणि या बाईला फोडणीची पडली होती.

शनिवारी पाळंदे खाली आले. सगळं ऐकून त्यांनी आधी पाणी खाल्लं.

"आजी मारून टाक," ते म्हणाले. "परीक्षेच्या दिवसांत या शहरात केवढ्या आज्या मरतात तुला ठाऊक नाही. शाळेला सवय आहे."

"तिची आजी परवा स्टेशनवर आम्हाला पोचवायला आली होती!"

"तर मग डॉक्टरचं सर्टिफिकेट. समितीतला तो डॉक्टर आहे की! नाही तर सरळ नियमच मोडून टाक. तू केलास, तूच मोड. बाकीच्यांना कोण सांगायला जातोय?"

बाकीच्यांचं नाव निघाल्यावर श्यामरावांच्या मनात आणखी एक काटा शिरला. नियम त्यांच्या मुलीपुरता नव्हता. मुखर्जींची मुलगी कृष्णनगरला मामाकडे गेली ती अजून आलेली नव्हती. अशा किती असतील!

रविवारी त्यांनी कागद पुढे ओढले. आधी पालक या नात्याने अध्यक्षांना अर्ज लिहिला. मग अध्यक्ष या नात्याने तो हातात घेतला, आपलं नाव वाचलं, मजकूर तपासला. प्रवासात गाडी चुकली हे कारण. गाडी का चुकली? अर्जदार फलाटावर सूचना लिहीत होता. ही अडचण अपरिहार्य म्हणता येईल का? नाही. खालच्या कोपऱ्यात त्यांनी तांबड्या पेन्सिलीने शेरा मारला: 'शिफारस करता येत नाही.' मग बराच वेळ ते त्या शेऱ्याकडे बघत बसले. एकोणीस वर्षांत हाच शेरा त्यांनी शेकडो अर्जांवर मारला होता. त्या अर्जांच्या पलीकडे कुणीतरी वही धरून उभं असेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. त्यांनी अर्ज फाडला आणि तुकडे खिशात घातले.

सोमवारी ते कचेरीत न जाता सकाळीच शाळेत गेले. हातात कागद नव्हता. कागद नसताना बोलायचं कसं हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून बडदींच्या दारात ते नुसतेच उभे राहिले.

"या, अध्यक्षबाबू," बडदी म्हणाल्या.

"बाई, मी अध्यक्ष म्हणून आलेलो नाही. चूक माझी आहे, पोरीची नाही. गाडी माझ्यामुळे चुकली, आणि नियमही मीच केला. माझी दुसरीकडे बदली करून मागतो, समितीतून काढून टाका, पुस्तिका माझ्या खर्चाने पुन्हा छापून देतो. पण तिला परीक्षेला बसू द्या. तिला गणित फार आवडतं हो." शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून मराठीत गेलं.

बडदींनी ते समजून घेतलं, की त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखलं, कोण जाणे. त्यांनी हरिपदबाबूंना हाक मारली. हरिपदबाबू काखेत एक लठ्ठ वही घेऊन आले. पानोपानी पोचा चिकटवलेल्या होत्या, कडा सारख्या कापून. अशी सुरेख वही श्यामरावांनी आपल्या खात्यातही पाहिली नव्हती. त्याही अवस्थेत त्यांना बरं वाटलं.

"पालक चारशे अकरा," हरिपदबाबू म्हणाले. "पोचा चारशे दहा. म्हणून नियम तेवीसप्रमाणे नियम बावीस अजून अमलात आलेला नाही."

श्यामरावांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ते समोरच्या खुर्चीत बसले.

"म्हणजे वृंदाचे..."

"एकशे नव्वदात एकशे बासष्ट. पंचाऐंशी टक्के," बडदी म्हणाल्या. "तिचं नाव यादीत आहे. नियम लागू असता तर तुमच्या मुलीसकट सदतीस मुली बाहेर बसल्या असत्या. मी पूजेआधीपासून देवाला हात जोडून होते की ती एक पोच न येवो. तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही दर सभेला छपाईबद्दलच विचारत होतात."

श्यामरावांचा जीव भांड्यात पडला. पण एकोणीस वर्षांची सवय तशी जात नाही. जरा दम आल्यावर ते सावरून बसले. "पण पाच महिने पोच नाही? कोण हा बेजबाबदार पालक? स्मरणपत्र पाठवलं होतं का?"

"तीन," हरिपदबाबू म्हणाले. "पहिल्याला उत्तर आलं." त्यांनी वहीतून एक घडी केलेला कागद काढून पुढे ठेवला.

सोपं, मॅट्रिकच्या वळणाचं इंग्रजी होतं. 'नियम बावीस वाचला. माझे माहेर अमरावतीला आहे. प्रवास लांबचा. गाडी कधीही चुकू शकते, विशेषतः माझे यजमान बरोबर असतील तर. अशा वेळी मुलीची सगळी सुट्टी गैरहजेरीत धरणे मला पटत नाही. सबब सही करीत नाही. शकुन दाबके.' पत्रावर तारीख जुलैची होती.

"पण... पालक मी आहे!" श्यामराव जवळजवळ ओरडले.

हरिपदबाबूंनी शांतपणे प्रवेशाचं रजिस्टर आणलं आणि बोटाने ओळ दाखवली. तीन वर्षांपूर्वी वृंदाला शाळेत घातलं तेव्हा श्यामराव दौऱ्यावर होते. शकुनताई एकट्याच आल्या होत्या. नोंदलेले पालक: श्रीमती शकुन दाबके. त्याच्यापुढे वडिलांचा रकाना. वडील कुठे आहेत, असं हरिपदबाबूंनी तेव्हा विचारलं असावं, आणि मिळालेलं उत्तर जसंच्या तसं उतरवून घेतलं असावं. त्या रकान्यात 'चक्रधरपूर' एवढंच लिहिलेलं होतं.

म्हणजे दहा महिने पालकांच्या समितीचं अध्यक्षपद भूषवणारे श्यामराव शाळेच्या दप्तरी पालक नव्हतेच. ते एक रेल्वे स्टेशन होते. बडदी खिडकीबाहेर बघत होत्या, आणि त्यांचे खांदे हलत होते.

घरी येताना ट्रॅममध्ये श्यामरावांना बसायला जागा मिळाली तरी ते उभेच राहिले. इतका आनंद झाला होता आणि इतका अपमान झाला होता की कोणत्यापासून सुरुवात करावी ते कळेना. कालीघाटपर्यंत येता येता आनंदाने बाजी मारली. सदतीस मुलींपैकी एकीचंही वर्ष बुडणार नव्हतं, आणि हे त्यांच्याच नियम तेवीसमुळे घडलं होतं, असं म्हणायलाही थोडी जागा होती.

शकुनताई मटार सोलत होत्या.

"नाव आहे यादीत," श्यामराव म्हणाले.

"असणारच."

"तू मला सांगितलं नाहीस!"

"काय सांगायचं? तुम्हीच म्हणाला होतात, वाचायचं, पटलं तर सही करायची, नाही तर प्रत्यक्ष जनरल मॅनेजर उभा असला तरी करायची नाही. वाचलं. नाही पटलं. नाही केली." त्यांनी एक शेंग फोडली. "आणि शुक्रवारी तुम्हाला सांगणार होते. पण म्हटलं, दोन दिवस राहू दे. मीही गोंदियाला ट्रंकेवर बसून तुमची वाट बघितली होती."

श्यामराव खाली बसले आणि मटार सोलू लागले. त्यातले निम्मे त्यांनी टरफलांत टाकले, ते शकुनताईंनी वेचून घेतले.

डिसेंबरात निकाल लागला. बारा मुलींत वृंदा तिसरी आली. नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात ती गणिताच्या वर्गाचा छापील अर्ज घेऊन आली, दोन पानी, खाली 'नोंदलेल्या पालकाची सही' आणि ठिपक्यांची ओळ. श्यामरावांचा हात सवयीने खिशातल्या पेनकडे गेला. त्यांनी पेन काढलं, टोपण उघडलं, आणि ते शकुनताईंच्या पुढे धरलं.

शकुनताईंनी पदराला हात पुसले. अर्ज घेतला. पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली, ओठ हलवत, सावकाश. पहिलं पान संपलं. त्यांनी पान उलटलं आणि मध्येच थांबून एक ओळ पुन्हा वाचली. वृंदाने श्वास धरून ठेवला होता. श्यामराव पेनचं टोपण हातात धरून उभे होते. आयुष्यात पहिल्यांदाच समोर आलेला छापील कागद त्यांनी वाचलेला नव्हता, आणि काही बोलायची त्यांची छाती नव्हती.

शकुनताईंनी शेवटची ओळ वाचली, वर बघितलं.

"पटलं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सही केली.